उभी गाडी, चालू मीटर

वर्षाला जेमतेम २८६ किलोमीटर धावणारी स्पोर्ट्स कार ठेवायची की विकायची? मोरिवलीच्या एका स्टिल्ट पार्किंगमध्ये चाललेल्या घरगुती खटल्याची ही हकीकत.

खरं सांगा, तुमच्या ट्रेडमिलवर सध्या काय वाळत घातलंय? टॉवेल? की नवऱ्याचे फॉर्मल शर्ट? आणि ती गिटार कुठेय, जिच्या क्लासचे तीन महिन्यांचे पैसे आधीच भरले होते? ऑनसाइटहून येताना आणलेला तो भलामोठा कॅमेरा? प्रत्येक घरात अशी एखादी वस्तू असतेच. घेण्याआधी तिच्यासाठी जीव टाकलेला असतो आणि घेतल्यावर तिच्याकडे बघायला वेळ नसतो. माझ्या घरातली ही वस्तू जरा मोठी आहे एवढंच. चार चाकं, दोन दारं, दोन सीट आणि काढता येणारं कापडी छत.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. 'हे काय असतं?' असं विचारणारे तुम्ही पहिले नाही. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या विचारतो, टोलवरचा माणूस विचारतो, ट्रॅफिक हवालदार तर कागदपत्रं बघायच्या बहाण्यानं चक्क आत डोकावून घेतो. बंगळूरूच्या सॅन मोटर्सनं १९९०च्या दशकाच्या शेवटी ही छोटी स्पोर्ट्स कार आणली. बांधली जायची आपल्या शेजारच्या गोव्यात. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साठेक हॉर्सपॉवर. म्हणजे आजची साधी स्विफ्ट सिग्नलला तिला आरामात मागे टाकते. पण बसायची जागा इतकी खाली की साठच्या स्पीडला शंभरचा फील येतो, आणि स्पोर्ट्स कारकडून माझी तेवढीच अपेक्षा होती. भारतात असला उद्योग करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत डीसी अवंती दिसली, तेव्हा सगळे 'भारताची स्पोर्ट्स कार' म्हणून नाचले. स्टॉर्मवाल्यांनी तेव्हा मनातल्या मनात 'आम्ही आधी' म्हणून घेतलं.

माझी गाडी २००३ची. मी ती २०१६ साली पुण्याहून सेकंड हँड घेतली, पहिल्या मोठ्या इन्क्रिमेंटनंतर आणि लग्नाच्या आधी, स्वतःच्या पैशानं. हे मुद्दाम सांगतेय, कारण घरातल्या वादात हा मुद्दा दर वेळी मीच काढते. सोसायटीतली पोरं तिला 'हॉट व्हील्स' म्हणतात. छत फाटलं तेव्हा उल्हासनगरला नेऊन शिवून घेतलं. सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्यानं दोन दिवसांत असं बेमालूम शिवून दिलं की बस! उल्हासनगरात काय शिवून मिळत नाही?

पण मग चालवत का नाहीस, हा पुढचा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर मोरिवलीत राहणाऱ्याला द्यावं लागत नाही. ऑफिस ऐरोलीला. सकाळी अंबरनाथहून लोकल, ठाण्याला बदल, ऐरोली. गाडीनं जायचं तर शिळफाट्याचा जॅम, आणि त्या जॅममध्ये ट्रेलरचं चाक अगदी माझ्या डोळ्यांसमोर असतं. एमआयडीसीत शिरणारे कंटेनर, पावसाळ्यातले खड्डे आणि सोसायटीच्या गेटवरचा तो स्पीडब्रेकर, ज्यावरून गाडी तिरकी काढावी लागते आणि तरी खालून 'खर्र' आवाज येतोच. जून ते सप्टेंबर विषय बंद. मार्च ते मे छत काढलं तर डोकं भाजतं. राहिले किती महिने?

एका रविवारी मी हिशोबाला बसले. ऑफिसमध्ये दिवसभर एक्सेल शीट भरतो, घरच्या गोष्टींना मात्र कधी लावत नाही, हे आपल्या पिढीचं खास. तर मागच्या बारा महिन्यांत गाडी धावली २८६ किलोमीटर. थर्ड पार्टी विमा १००० ते १५०० सीसीच्या गटातला, ३,४१६ रुपये अधिक जीएसटी, मिळून ४,०३१. सोसायटीचं पार्किंग ६,०००. बॅटरी ४,६००. सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामं ८,२००. रोज पुसण्याचे वॉचमनला ४,८००. पेट्रोल फक्त २,७०० (यातच सगळं आलं). एकूण ३०,३३१ रुपये. म्हणजे किलोमीटरला १०६!

अंबरनाथ ते सीएसएमटी साठ किलोमीटर. माझ्या गाडीच्या दरानं ६,३६० रुपये, तेही फक्त जायचे. नवऱ्यानं शीटवर नजर टाकली आणि म्हणाला, "अगं, पाण्याला वेगळे पैसे आहेत की तिकिटातच?"

हे आकडे मला फारसे लागले नाहीत, खरं तर. शौकाला हिशोब लावायचा नसतो हे मलाही कळतं. महिन्याला अडीच हजार लोक पिझ्झ्यावर उडवतात. मला लागला तो मेकॅनिकचा बोलण्यातला एक साधा शेरा. बॅटरी बदलताना तो म्हणाला, "ताई, धावणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त खर्च काढते."

उभ्याउभ्या काय होतं?

मी त्याला तासभर पिडलं, थोडं वाचलं आणि जे कळलं ते असं. बॅटरी कशाला जोडलेली नसली तरी हळूहळू उतरतेच. पूर्ण उतरून पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे थर धरतात आणि मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही. टायर एकाच जागी दबून बसतात. दबलेला भाग चपटा होतो आणि सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी थडथड उडते. नक्षी कितीही शाबूत असो, रबर वयानंच कडक होतं. तुमच्या टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ३४१७ आहे, म्हणजे २०१७चा ३४वा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि टायर म्हातारे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. पेट्रोलचंही आता तेच, कारण त्यात इथेनॉल आहे. वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण देशानं २०२५ मध्येच गाठलं, ठरलेल्या २०३०च्या पाच वर्षं आधी. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग त्याच्यासाठी बनवलेलेच नाहीत. फायबरच्या बॉडीला गंज चढत नाही, हे स्टॉर्मवाल्यांचं आवडतं वाक्य. खरंय ते. पण खालचं लोखंड लोखंडच असतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यातली हवा काय असते ते एमआयडीसीशेजारी राहणाऱ्यांना विचारा. त्यात उंदीर! वायरींच्या आवरणात त्यांना काय चव लागते देव जाणे.

आणि आपण सगळे जो उपाय करतो ना, रविवारी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि पुण्य केल्यासारखं वर यायचं, त्याचा काही उपयोग नाही. स्टार्ट करताना गेलेला करंट पाच मिनिटांत धड भरून निघत नाही. इंजिन ऑइल पुरतं तापत नाही. सायलेन्सरमध्ये झालेलं पाणी तिथेच राहतं. गाडी रस्त्यावर नेऊन निदान वीस-पंचवीस मिनिटं पळवली तर गोष्ट वेगळी.

म्हणजे मी इतकी वर्षं जिला 'ठेवणं' म्हणत होते, ते ठेवणं नव्हतंच. हप्त्याहप्त्यानं मोडीत काढणं चालू होतं, आणि त्याचे पैसेही मीच भरत होते.

साहेबांनी काय केलं?

अशा वेळी मराठी माणूस कोणाकडे बघतो? बरोबर! २००२च्या एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरनं कसोटीतलं २९वं शतक ठोकलं आणि ब्रॅडमनशी बरोबरी केली. सचिन तेव्हा फियाट पॅलिओच्या जाहिरातींत होता. फियाटनं त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, ३.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ४०० हॉर्सपॉवर. किल्ली दिली कोणी, तर सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरनं. पुढचं रामायण तुम्हाला आठवत असेल. सव्वा कोटीच्या आसपासची कस्टम ड्यूटी सरकारनं माफ करायची की नाही यावर २००३ साली देशभर वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर ती रक्कम फियाटनं भरली. आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये यावरून दोन गट पडले होते. गाडी बघितलेला एकही नव्हता.

मला मात्र त्या गाडीचा शेवट जास्त इंटरेस्टिंग वाटतो. २०११ मध्ये सचिननं ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. तेव्हा पुष्कळांना वाईट वाटलं होतं, मलाही. ब्रॅडमनची बरोबरी केल्याची आठवण, शूमाकरच्या हातून मिळालेली किल्ली, आणि ती विकायची? पण आता विचार करते तेव्हा वाटतं, त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? बंगल्याच्या तळघरात कव्हर घालून ठेवली असती. वर्षातून एकदा फोटो काढला असता. मुंबईत ती गाडी दिवसाढवळ्या चालवणं सचिनला शक्य तरी होतं का? सिग्नलला थांबला तर रस्ता बंद! नऊ वर्षांनी गाडी दुसऱ्याकडे गेली ती चालत्या अवस्थेत गेली. पुढच्याच वर्षी 'फेरारी की सवारी' आला आणि त्या गोष्टीतली गाडी लहान पोरांनीसुद्धा पाहिली.

अर्थात सचिनला पार्किंगचा प्रश्न नव्हता. मला होता, आणि तिथेच खरी गोची होती.

एक जागा, दोन गाड्या

आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. रस्त्यावर लावायची सोय नाही, तिथे रात्री ट्रक उभे असतात. माझे बाबा उल्हासनगरला एकटेच राहायचे. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना मोरिवलीला आमच्याकडे आणलं. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. गुडघे बदललेल्या माणसाला खोल, खालच्या सीटवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि माझ्या गाडीची सीट म्हणजे जवळपास सतरंजी. त्यामुळे बाबा रिक्षानं जायचे. खड्ड्यांतून रिक्षा, टाके ताजे, आणि खाली पार्किंगमध्ये त्यांच्या लेकीची स्पोर्ट्स कार कव्हर घालून उभी.

बाबा याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. उलट मीच विषय काढला तर म्हणाले, "अगं, माझे गुडघे चार महिन्यांत बरे होतील. त्यासाठी गाडी कशाला विकतेस?" हेच जास्त लागतं. ते रागावले असते तर मी भांडले असते.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. ही काढ, चार दारांची ऑटोमॅटिक घेऊ, बाबांनाही आणि आपल्यालाही. मी म्हटलं, तीन महिने दे. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, म्हणजे आपल्याकडे छत काढून फिरायचा सीझन. दर रविवारी सकाळी चालवते. चालवली तर ठेवू आणि पार्किंग कुठेतरी भाड्यानं शोधू. नाही चालवली तर विकू. तोपर्यंत बाबांसाठी ओळखीच्या टॅक्सीवाल्याशी महिन्याचं ठरवून टाकलं.

तेरा रविवार होते. गाडी निघाली पाच वेळा. एकदा पुण्याला लग्न, तीनदा ऑफिसचं रिलीज, एकदा बाबांना ताप, एकदा पाहुणे. उरलेल्या दोन वेळा नुसती झोप. पाच फेऱ्यांत मिळून ४१० किलोमीटर झाले, म्हणजे आधीच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त!

त्यातली जानेवारीतली एक सकाळ सांगायलाच हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल गाडीत काही दम नव्हता. सव्वासहाला निघाले, अंधारच होता. छत घरी ठेवलं, कानटोपी घातली. बदलापूर ओलांडलं आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागले. हे धरण एमआयडीसीचं. आमच्या भागातल्या कारखान्यांना आणि नळांना पाणी इथूनच येतं, पण या रस्त्यावर आलं की त्या कारखान्यांचा मागमूस राहत नाही. दोन्हीकडे झाडी, मध्येच धुक्याचा पट्टा. त्यात शिरलं की चेहऱ्यावर पाणी मारल्यासारखं व्हायचं, बाहेर आलं की वाळलेल्या गवताचा वास. वळणावर थर्डमधून सेकंड टाकला की त्या छोट्या इंजिनाचा आवाज झाडांवरून परत यायचा. स्पीड बघाल तर पन्नास! नाक गोठलेलं, बोटं गोठलेली आणि मी एकटीच मोठमोठ्यानं गात होते. छत नसल्यामुळे एका दूधवाल्यानं ते ऐकलंसुद्धा. मुरबाडला पोचेपर्यंत ऊन आलं होतं. टपरीवर चहा आणि गरम वडा घेतला तोवर गाडीभोवती आठ-दहा जण जमले. एका आजोबांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "ही आपल्याकडंच बनली?" म्हटलं, गोव्यात. त्यांना बरं वाटलं.

ही मजा खोटी नव्हती. अशा सकाळी मला वर्षाला पाच मिळाल्या, त्याही ठरवून, कॅलेंडरवर लिहून आणि नवऱ्याशी पैज लावल्यासारख्या. सहावी मिळेल असं मला स्वतःलाच वाटेना.

मार्च उजाडताच मी स्टॉर्मच्या शौकिनांत निरोप फिरवला. लोकांचे फोन म्हणजे करमणूक. पहिल्यानं विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" दुसऱ्याला पाच सीट हव्या होत्या. बाकी सगळे कंडिशन न बघताच 'लास्ट प्राइस' विचारणारे. शेवटी दोनच गिऱ्हाइकं खरी निघाली.

एक कर्जतजवळचे रिसॉर्टवाले. त्यांची ऑफर ३ लाख १० हजार, रोख, कुठलीही घासाघीस नाही. गाडी त्यांना गेटपाशी हिरवळीवर ठेवायची होती, भोवती लाइटिंग करून. प्री-वेडिंग शूटसाठी. "इंजिनाचं टेन्शन घेऊ नका मॅडम, चालायची गरजच नाही," ते म्हणाले. दुसरा मडगावचा एक मुलगा. वय असेल तिशीच्या आत. ट्रेननं रात्रभर प्रवास करून आला, गाडीखाली झोपून टॉर्चनं चासी बघितली, गंजाची एक जागा मला दाखवली जी मलाच माहीत नव्हती, आणि २ लाख ६० हजारांवर थांबला. त्याच्या घरी एक स्टॉर्म आधीच आहे. दोन्ही चालत्या ठेवायच्या असतील तर सुट्या भागांची जमवाजमव सोपी पडते, हा त्याचा हिशोब.

पन्नास हजारांचा फरक. नवरा म्हणाला, "तेवढ्यात नव्या गाडीचा विमा होऊन वर पैसे उरतील." बरोबरच होतं त्याचं. पण हिरवळीवर लाइटिंगमध्ये उभी करायची असेल तर मी स्टिल्टमध्ये काय वेगळं करत होते? बाबांना विचारलं. त्यांनी वॉकर भिंतीला टेकवला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्या गोव्याच्या पोराला जेवायला थांबव."

व्यवहार ठरला. तुम्हीही जुनी गाडी परराज्यात विकणार असाल तर कागद नीट समजून घ्या. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि राज्याबाहेर न्यायला फॉर्म २८, म्हणजे एनओसी. माझी एनओसी कल्याण आरटीओची. तिकडे कर भरून नवा नंबर घेणं हे घेणाऱ्याचं काम. विमा नव्या मालकाच्या नावावर करायला कायद्यानं १४ दिवस आहेत आणि फास्टॅग तुमचा तुम्ही बंद करायचा, नाहीतर त्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. आणखी एक खर्च भाव ठरवतानाच डोक्यात ठेवा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली गेली. माझ्या गाडीची पुढची वारी २०२८ ला. मडगाववाल्यानं हे माझ्याआधी हिशोबात धरलं होतं, म्हणून तर भाव दोन साठवर अडला.

ट्रकवर चढवून नेणार का, असं मी त्याला विचारलं. तर तो म्हणाला, "छे! चालवत नेणार. पहाटे निघेन, आंबोली उतरून जाईन." मग मीच भाव अजून आठ हजारांनी उतरवला आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं की मोरिवली सोडायच्या आधी चारही टायर नवे घालायचे.